न घेतलेले औषध निकामी का ठरते?



आज एक कोडे घालतो. समजा, एका तरुणाच्या शरीरात एचआयव्ही हा विषाणू नुकताच शिरला आहे. लागण होऊन जेमतेम दोन महिने झाले आहेत. या तरुणाने एचआयव्हीवरची एकही गोळी आजवर घेतलेली नाही. तरीही प्रयोगशाळेचा अहवाल येतो तो असा, की अमुक एका औषधाचा या रुग्णाला उपयोग होणार नाही. त्याच्या शरीरातील विषाणू त्या औषधाला दाद देणारा नाही.

जे औषध पोटात कधी गेलेच नाही, ते निकामी कसे ठरले?

हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे हे खरे. पण तो सोडवायला जे गणित लागते ते तुमच्या शाळेच्या पुस्तकातले आहे. मी भौतिकीचा शिक्षक असूनही या विषयाकडे वळलो तो त्यामुळेच. कागद-पेन्सिल जवळ घ्या, मधूनमधून लागेल.

नळ आणि हौद

अमेरिकेत १९८१ साली एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी, ल्यूक माँतानिये व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. या शोधाबद्दल दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू आपल्या रोगप्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि त्या नष्ट करत जातो.

लागण झाल्यानंतर रुग्ण कित्येक वर्षे धडधाकट दिसतो. रक्तातील विषाणूंची संख्याही या काळात फारशी हलत नाही. त्यामुळे विषाणू या काळात जवळजवळ स्वस्थ असतो, असे पुष्कळ दिवस मानले जात होते.

अंकगणितातला नळ-हौदाचा प्रश्न आठवतो ना? हौदातील पाण्याची पातळी स्थिर आहे, याचा अर्थ पाणी वाहत नाही असाच होतो का? मुळीच नाही. वरचा नळ जितके पाणी सोडतो तितकेच खालच्या तोटीतून जात असेल, तरी पातळी स्थिरच राहील. खरे काय ते कळायला एक युक्ती आहे. वरचा नळ एकदम बंद करायचा आणि पातळी किती वेगाने उतरते ते मोजायचे.

१९९५-९६ साली नेमके हेच केले गेले. डेव्हिड हो या वैद्यकीय संशोधकाने रुग्णांना विषाणूंची वाढ रोखणारे नवे औषध दिले व रक्तातील विषाणू वारंवार मोजले. लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेतील अ‍ॅलन पेरेलसन या गणिती शास्त्रज्ञाने त्या आकड्यांचे आलेख मांडले. किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास जसा घातांकी नियमाने होतो, तशीच ही घट निघाली. अर्धायुकालही काढता आला. रक्तातील मोकळ्या विषाणूचा अर्धायुकाल सुमारे ६ तास. विषाणू निर्माण करणाऱ्या बाधित पेशीचा सुमारे दीड दिवस. यावरून उलट हिशेब केला, तेव्हा निघालेला आकडा थक्क करणारा होता. एका रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे १,००० कोटी विषाणू तयार होत होते आणि जवळजवळ तितकेच नष्टही होत होते. बाहेरून शांत दिसणाऱ्या हौदात असा पूर वाहत होता.

घाईत नक्कल करणारा लेखनिक

इतके विषाणू तयार व्हायचे म्हणजे तितक्या नकला व्हायला हव्यात. एचआयव्हीची सारी आनुवंशिक माहिती आरएनए नावाच्या रेणूवर सुमारे साडेनऊ हजार अक्षरांत लिहिलेली असते. पेशीत शिरल्यावर विषाणू या आरएनएवरून डीएनएची प्रत करतो. हे काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे उलट नक्कल करणारे विकर, करते. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी अशा विकराचा शोध १९७० साली इतर विषाणूंमध्ये लावला होता.

हा लेखनिक घाईचा आहे आणि लिहिलेले पुन्हा तपासण्याची सोय त्याच्याजवळ नाही. दर एक लाख अक्षरांमागे तो सुमारे तीन चुका करतो. आता साडेनऊ हजारांना तीनने गुणून लाखाने भागा. उत्तर येते ०.२८५. म्हणजे दर तीन-चार प्रतींमागे एक तरी चूक ठरलेली.

छापखाना येण्यापूर्वी पोथ्यांच्या हस्तलिखित प्रती काढताना असेच होई. एका लेखनिकाची चूक पुढच्या सगळ्या प्रतींत उतरे आणि पाठभेद तयार होत. एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच पाठभेदांमुळे. विषाणूला मात्र कोणी एकनाथ भेटत नाही. त्याच्या चुका तशाच पुढे जातात.

बहुतेक चुका विषाणूच्या तोट्याच्याच असतात. पण एखादी चूक अशी होते की औषधाचा रेणू ज्या खाचेत जाऊन बसायचा, त्या खाचेचा आकारच किंचित बदलतो. एफाव्हिरेन्झ या औषधाचे उदाहरण घ्या. उलट नक्कल करणाऱ्या विकरातील १०३ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असते. त्याची सांकेतिक अक्षरे ए-ए-ए. यातील शेवटचे एक अक्षर बदलून ए-ए-सी झाले, की तेथे अस्पॅराजिन येते. एवढ्या एका बदलाने एफाव्हिरेन्झ जवळजवळ निरुपयोगी होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. औषध पाहून विषाणू काही शिकतो किंवा सरावतो, असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात चुका औषधाआधीच, कोणत्याही हेतूविना होत असतात. औषध फक्त चाळणीचे काम करते. जे विषाणू औषधाने थांबतात ते गळून जातात; चुकून वेगळे झालेले उरतात आणि वाढतात. डार्विनची नैसर्गिक निवड ती हीच. फरक इतकाच की येथे ती काही आठवड्यांत डोळ्यांदेखत घडते.

तीन फासे

आता थोडे गणित. लाख अक्षरांमागे तीन चुका, आणि प्रत्येक जागी चुकीची अक्षरे तीन प्रकारची असू शकतात. म्हणून ठरावीक जागी ठरावीकच चूक होण्याची संभाव्यता साधारण लाखात एक. शरीरात दररोज एक कोटी नव्या पेशी बाधित होतात असे धरू. एक कोटीला एक लाखाने भागले की उत्तर १००. म्हणजे एका औषधाला न जुमानणारे विषाणू रोज सुमारे शंभर पेशींत, औषध सुरू होण्यापूर्वीच, जन्म घेत असतात!

एचआयव्हीवरील पहिले औषध झिडोव्ह्युडिन हे अमेरिकेत १९८७ साली मान्य झाले. सुरुवातीला ते एकटेच दिले जाई. रुग्णांना काही महिने बरे वाटे आणि मग गाडी पुन्हा मूळपदावर येई. १९८९ साली त्याचे कारण सापडले: त्या रुग्णांतील विषाणू झिडोव्ह्युडिनला दाद देईनासे झाले होते.

मग दोन औषधे एकदम दिली तर? एकाच विषाणूत दोन्ही ठरावीक चुका एकाच वेळी व्हायला हव्यात. संभाव्यतांचा गुणाकार करायचा: लाखात एक गुणिले लाखात एक, म्हणजे १,००० कोटींत एक. रोजच्या एक कोटी पेशींच्या हिशेबाने असा विषाणू घडायला १,००० दिवस लागतील. आणि तीन औषधे? तेव्हा उत्तर येते दहा कोटी दिवस, म्हणजे पावणेतीन लाख वर्षे!

हे गणित ढोबळ आहे. औषधाने नव्या बाधित पेशींची संख्याही घटते, चुका एकामागून एक साचू शकतात, आणि सर्व औषधे सारखी नसतात. परंतु गुणाकाराचे हे तत्त्व खरे आहे, आणि १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला तो याच बळावर. त्यानंतर एड्सने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. सापशिडीचे तीन फासे घ्या. तिन्हींवर एकदम सहा पडण्याची संभाव्यता २१६ मध्ये एक. चाळीस मुलांनी प्रत्येकी पाच वेळा फासे टाकले, तर दोनशे खेपांत असा योग सरासरीने एखाददाच येईल. आता एक फासा सहाचा आकडा वर करून टेबलावर चिकटवून टाका आणि उरलेले दोनच फेका. संभाव्यता ३६ मध्ये एक झाली. त्याच दोनशे खेपांत पाच-सहा वेळा तिन्ही सहा दिसतील.

तो चिकटवलेला फासा लक्षात ठेवा. आपल्या कोड्याचे उत्तर त्यातच आहे.

कमावलेला आणि आयता

औषध घेत असताना रुग्णाच्या शरीरात जो प्रतिरोध निवडला जातो, त्याला आपण कमावलेला प्रतिरोध म्हणू. असा विषाणू त्या रुग्णाकडून दुसऱ्या माणसाकडे गेला, तर त्या दुसऱ्याला प्रतिरोध आयताच मिळतो. कोड्यातील तरुणाचे हेच झाले. औषध घेतले होते कोणी दुसऱ्यानेच; चाळणी तेथे लागली होती. याच्या शरीरात आला तो चाळून उरलेला विषाणू. झिडोव्ह्युडिनला न जुमानणाऱ्या विषाणूची अशी थेट लागण १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

तीन औषधांपैकी एक जर असे आधीच निकामी असेल, तर डॉक्टर तीन गोळ्या देत असले तरी प्रत्यक्षात दोनच लढत असतात. वरच्या गणितात पावणेतीन लाख वर्षांच्या जागी एकदम १,००० दिवस येतात. दोन निकामी असतील, तर उरलेल्या एकाला हुलकावणी देणारे विषाणू रोज शंभर पेशींत तयारच आहेत.

आयता प्रतिरोध आणखी एका बाबतीत वाईट. शरीरसंबंधातून होणाऱ्या लागणीत बहुधा एकच विषाणू नव्या शरीरात वंश सुरू करतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०२ पैकी ७८ जणांमध्ये लागणीची सुरुवात एकाच विषाणूपासून झालेली आढळली. हा मूळपुरुषच प्रतिरोधी असेल तर पुढची सारी प्रजा तशीच. जुन्या रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याच्या पेशींत पूर्वीचा साधा विषाणू दडलेला असतो. औषध थांबवले की साधा विषाणू जोमाने वाढून प्रतिरोधी विषाणूला मागे टाकतो. नव्या रुग्णाजवळ असा साधा विषाणू नसतोच, स्पर्धाच नाही. प्रतिरोधी विषाणूला मूळ रूपावर यायचे तर तीच चूक उलट दिशेने व्हावी लागते. १०३ व्या जागेच्या बदलाने विषाणूचे फारसे बिघडत नाही, म्हणून तो बदल वर्षानुवर्षे टिकतो. उलट लॅमिव्ह्युडिन या औषधाविरुद्धचा १८४ व्या जागेचा बदल विषाणूला लंगडा करतो. तो लवकर मागे पडतो आणि मग तपासणीत सापडतही नाही. म्हणून तपासणी करायची ती लागण कळताच, उपचारापूर्वी करणे चांगले.

पाऊलखुणा

पोथ्यांचे अभ्यासक पाठभेद पाहून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून काढली हे ओळखतात. विषाणूंच्या बाबतीतही हे जमते. झिडोव्ह्युडिनविरुद्धचा एक बदल २१५ व्या जागी होतो. मूळ अक्षरे ए-सी-सी. ती टी-ए-सी झाली की प्रतिरोध येतो. म्हणजे दोन अक्षरे बदलावी लागतात. हा विषाणू औषध न घेणाऱ्या माणसाकडे गेला, की त्या बदलाचे ओझे टाकून देऊ पाहतो. परंतु दोन अक्षरे एकदम मागे फिरणे दुर्मीळ. एक अक्षर बदलणे सोपे. म्हणून तो टी-सी-सी किंवा टी-जी-सी अशा अर्ध्या वाटेवर थांबतो. हे रूप औषधाला दाद देते, पण मूळ रूपही नव्हे. असे रूप नव्या रुग्णात दिसले, तर समजावे की या विषाणूचा कोणी पूर्वज झिडोव्ह्युडिन किंवा त्याच्यासारखे औषध घेणाऱ्या माणसाच्या शरीरातून आलेला आहे. चिखलातले पाऊल वाळल्यावरही ठसा राहतो, तसेच हे.

ही तपासणी करताना रक्तातील विषाणूचा आरएनए वेगळा करतात, ज्या जनुकात औषधांच्या लक्ष्य-विकरांची माहिती असते तो भाग वाचतात आणि मूळ क्रमाशी ताडून पाहतात. श्रीमंत देशांत प्रत्येक नव्या रुग्णाची अशी तपासणी उपचारापूर्वी करण्याची शिफारस आहे. परंतु ती महाग पडते. म्हणून अनेक देशांत निवडक रुग्णांची नमुना-पाहणी करून साऱ्या देशाचा अंदाज बांधतात.

स्वस्त गोळी आणि तिची राखण

येथे मुंबईचा उल्लेख करायला हवा. २००० सालापर्यंत तीन औषधांच्या उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक खर्च येई. गरीब देशांना तो स्वप्नातही परवडणारा नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तो उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, देण्याची तयारी दाखवली. जगाचे चित्र पालटू लागले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली.

लाखो लोक वाचले. पण औषध जितके अधिक लोक घेणार, तितक्या अधिक ठिकाणी चाळणी लागणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ११ देशांच्या पाहणीचा अहवाल दिला. त्यांपैकी ६ देशांत उपचार सुरू करणाऱ्या दर शंभर माणसांत दहाहून अधिक जणांचा विषाणू नेहमीच्या औषधांपैकी कशाला तरी दाद देत नव्हता. त्यांत काहीजण पूर्वी औषध घेऊन सोडलेले होते, तर काहींना प्रतिरोध आयता मिळालेला. एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरॅपिन यांच्या गटाविरुद्धचा असा प्रतिरोध दहा टक्क्यांवर गेला, तर देशाने पहिल्या उपचारातले औषधच बदलावे, असा नियम संघटनेने त्याच वर्षी सुचवला.

बदली औषध मिळाले ते डोल्युटेग्रॅव्हिर. ते वेगळ्याच विकरावर घाव घालते, म्हणून १०३ व्या जागेच्या बदलाचा त्याला उपद्रव नाही. शिवाय एका चुकीने ते सहसा निकामी होत नाही. फाशांच्या भाषेत, या एका औषधासाठीच एकाहून अधिक सहा पाडावे लागतात. आता भारतातही पहिल्या उपचारात हेच औषध टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन यांच्या जोडीने एकाच गोळीत देतात. त्यामुळे कोड्यातल्या तरुणाने निराश होण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी उपाय आहे. तो योग्य निवडला पाहिजे इतकेच.

मात्र हा गडही अभेद्य नाही. डोल्युटेग्रॅव्हिरला न जुमानणारे विषाणू काही ठिकाणी दिसू लागल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिला आहे.

गोळी चुकते तेव्हा

गोळ्या चुकल्या की काय होते, तेही अर्धायुकालच सांगतो. पूर्वीच्या एका मिश्र गोळीत झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन एकत्र असत. गोळी अचानक बंद केली तर झिडोव्ह्युडिनचा प्रभाव लवकर ओसरतो. नेव्हिरॅपिन मात्र रक्तात कित्येक दिवस रेंगाळते, कारण त्याचा अर्धायुकाल एक ते दोन दिवसांचा आहे. त्या दिवसांत शरीरात एकच औषध उरते, आणि तेही उतरत्या प्रमाणात. विषाणू वाढू लागतो आणि चाळणी चालूच असते. प्रतिरोध निवडला जायला याहून सोयीची स्थिती नाही.

याउलट गोळी रोज नेमाने घेतली, तर रक्तातील विषाणू इतके कमी होतात की मोजताच येत नाहीत. नकलाच होत नाहीत, म्हणून चुकाही होत नाहीत. आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासाने २०११ साली दाखवले, की उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. भारतात पुणे आणि चेन्नई येथील जोडपी त्यात सहभागी होती. म्हणजे एकाने घेतलेली गोळी दोघांचे रक्षण करते, आणि तिसऱ्या अनोळखी माणसासाठी औषध शाबूत ठेवते.

मग माणसे गोळ्या चुकवतात का? कधी बस चुकते, कधी मजुरी बुडेल म्हणून केंद्रावर जाता येत नाही, कधी केंद्रातला साठा संपतो. आणि पुष्कळदा कारण असते भीती. घरात, कामावर, वसतिगृहात कोणी बाटली पाहिली तर काय म्हणेल, या धास्तीने माणूस गोळी लपवतो आणि लपवता लपवता चुकवतो. एचआयव्हीबाधितांना भेदभावाने वागवण्यास आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु टोमणा मारणाऱ्याच्या जिभेपाशी कायदा दर वेळी पोहोचत नाही.

हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने हा विषाणू पसरत नाही, हे तुम्हांला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. त्यात आता एवढी भर घाला: बाधित माणसाला गोळी उघडपणे, निर्धास्तपणे घेता आली, तर टेबलावर चिकटलेल्या फाशांची संख्या कमी होते. तुमच्या वर्गात, वस्तीत असा कोणी असेल, तर त्याची गोळी वेळेवर पोटात जाईल असे वागणे तुमच्या हातात आहे.